भोईरकाकांच्या शेडमधल्या आया

शहाडच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक पिंप होतं. बिघडलेली, खरवडलेली, पायाखाली आलेली अशी सगळी माती त्यात टाकायची आणि वरून पाणी ओतायचं. काही दिवसांनी हात घातला की मऊसूत माती पुन्हा कामाला तयार! किस्स्यांचंही असंच होतं बघा. त्या त्या वेळी वाटतं, गेलं, संपलं. मग कुणीतरी चहा टाकतं, कुणीतरी म्हणतं, "शैला, ते बाळकृष्णाचं सांग ना," की घातला मी पिंपात हात. हाताला काय लागेल ते लागेल.

आधी माणसं सांगून टाकते, नंतर मध्येच "ही कोण?" विचारलेलं मला अजिबात खपत नाही. मी डोंबिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. वसुधा माझी कॉलेजातली मैत्रीण, ती मूर्तिकार. श्रीराम तिचा नवरा, बँकेत होता. इतका शांत माणूस की घरात पंखा लावतानाही "लावू का?" विचारायचा. शेड भोईरकाकांची. म्हणजे त्यांचा गणपतीचा कारखाना, कल्याणच्या पुढच्या शहाड स्टेशनपासून उल्हास नदीच्या अंगाला. आणि काकी, म्हणजे काकांची बायको, कारखान्याची खरी मालकीण. झाले पाच. एवढ्यांवर सगळं भागतं. काळ म्हणाल तर ऐंशीचं दशक संपून नव्वदचं सुरू होत होतं तो.

•

विसर्जन झालं की गणपतीचा कारखाना ओस पडतो. वसुधाला जागा हवी होती आणि काकांना डोळे आखणारा हात. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात, आणि ते साधले नाहीत तर बाकी मूर्ती कितीही देखणी असो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. वसुधाचा हात असा की एका दमात डोळा! मग ठरलं. सीझनला तिनं गणपतींचे डोळे आखायचे, उरलेलं वर्ष शेडचा कोपरा तिचा.

तिला आया करायच्या होत्या. तिच्याकडे रस्त्यावरून घेतलेलं एक जाडजूड, पानं सुटलेलं पुस्तक होतं, इटलीतल्या जुन्या चित्रांचं आणि मूर्तींचं. रेनेसान्सचा काळ. त्यात पानापानावर तीच, मांडीवर बाळ घेतलेली आई, मॅडोना. वसुधाचं म्हणणं एवढंच होतं की, "शैले, ह्या बाईला उचलून डोंबिवलीत आणली तर ती कशी बसेल गं?" हा प्रश्न तिनं मला भर वर्गात, मी मुलांच्या वह्या तपासत असताना, खिडकीतून विचारला होता.

पहिली आई झाली. पाटावर बसलेली, एक गुडघा वर, पदर खोचलेला, बाळाला भरवायला वाटी-चमचा हातात. बाळ अजून व्हायचं होतं. काका आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वसुताय, ही कंची देवी?"

"देवी नाही काका. आई आहे."

"वाहन?"

"नाही."

"हातान काय? शस्त्र?"

"वाटी-चमचा."

चाळीस वर्षं देव घडवलेला माणूस, मूर्तीभोवती एक फेरी मारून आले. शेवटी म्हणाले, "मंग हिला निवद कसला दावाचा?"

काकी मागच्या दारात मिरच्या वाळत घालत होत्या. तिथूनच ओरडल्या, "आईला कुनी निवद दावलाय का कवा? तिनंच रांधाचा न उरला त तिनंच खावाचा!"

•

त्या पुस्तकातल्या आयांच्या डोक्यामागे सोनेरी तबकडी असते. तेजोवलय. काकांना ते काही केल्या पटेना. आमच्या देवांनाही प्रभावळ असते, पण ती कशी, नक्षीची, मोर-बिर काढलेली. ही नुसती चपटी थाळी!

"जेवून झाला का ती ताट तितंच ठेवते का काय?" काकांनी विचारलं.

मी हसून हसून खाली बसले. वसुधा मात्र हसली नाही. ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या वर्षांत आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे बिल्डिंगा उठत होत्या. समोरही एका इमारतीचं काम चालू होतं. एक बाई डोक्यावरचं घमेलं रिकामं करून बसली, घमेलं पाठीमागे भिंतीला टेकवलं, त्यावर डोकं टेकलं आणि झोळीतलं मूल पाजायला घेतलं. घमेल्याच्या कडेवर ऊन पडलेलं. ती बाई इतकी शांत दिसत होती, की समोरचा मिक्सर बंद पडल्यासारखं मला वाटलं. तो चालूच होता, कानठळ्या बसत होत्या.

दुसरी आई तीच. वसुधानं मूर्तीमागे खरं घमेलं लावलं, ओरखडे आलेलं, सिमेंट चिकटलेलं. काकांनी बघितलं, मान डोलवली.

"आता बराबर. ही ताट कामाची हाय."

•

गाडं अडलं ते बाळापाशी.

त्या इटलीवाल्यांची बाळं तुम्ही कधी नीट बघितलीत? मी बघितलीत. कपाळ मोठं, केस मागे गेलेले, तोंडावर असा भाव की आता हा उठून पाणीपट्टीची तक्रार करणार! वसुधानं पहिलं बाळ पुस्तक समोर ठेवून केलं. मातीत ते आलं आणि शेडमधले सगळे जवळ येऊन वाकून बघायला लागले.

काकी म्हणाल्या, "ह्यो आमच्या सोसायटीचा चेरमन."

काका म्हणाले, "नाय गो, चेरमनला जास्त केस हायत."

श्रीराम रविवारचा आलेला. त्याला बिचाऱ्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तो म्हणाला, "अनुभवी वाटतं बाळ."

बाळ पिंपात गेलं. दुसरं केलं, तेही पिंपात. हात यायचे, पाय यायचे, पोटाची वळी तर इतकी गोड यायची की चावावंसं वाटे. चेहरा यायचा नाही. गणपतीचे डोळे एका दमात आखणारी ही बाई, बाळाच्या तोंडाशी आली की कोरणी खाली ठेवायची आणि चहा करायला उठायची.

का, ते मला माहीत होतं. श्रीरामला माहीत होतं. काका-काकींना मी सांगितलं, कारण काका एकदा चिडून म्हणाले होते, "येवऱ्या मोठ्या कॉलेजान शिकली न बाल नाय करता येत!"

शेडमध्ये यायच्या आदल्या वर्षी वसुधाचे दिवस भरले होते. मुलगी झाली, ती गेलेलीच झाली. आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, हिला दाखवू नका, बघितलं नाही तर विसरायला सोपं जाईल. वसुधा शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी होती एवढं तिला सांगितलं. चेहरा तिनं पाहिला नाही.

कुणाला सोपं जातं हो? मला आजही त्या माणसांचा राग येतो. येतो तर येतो.

काका त्यानंतर बाळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पिंपातली माती ते स्वतः मळून ठेवायला लागले.

•

काकींनी मात्र आपला उपाय काढला. "पुस्तकातला बाल बघून बाल व्हतो का? खरा आणते!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भाचीचं सात-आठ महिन्यांचं पोर काखोटीला मारून हजर. गुटगुटीत, काळंभोर, कानात सोन्याची बाळी. नाव प्रसाद.

प्रसादनं पहिल्या पाच मिनिटांत शाडूचा गोळा खाल्ला. मग वसुधाची कोरणी तोंडात घातली. मग माझं नाक धरलं. मी वर्गात साठ पोरं सांभाळायचे, पण हे एक मला भारी पडलं. शेवटी काकींनी त्याला सरळ मातीच्या आईच्या मांडीवरच बसवलं. आणि काय सांगू, पोर गप्प! मातीच्या दंडावर गाल टेकवून बघत बसलं. वसुधाचे हात असे भराभर चालायला लागले की मी श्वास रोखून धरला. पाठ आली, मान आली, तळव्यांच्या रेघासुद्धा आल्या.

तेवढ्यात प्रसादनं कार्यक्रम उरकला. मांडीवरून, गुडघ्यावरून, थेट खाली पाटापर्यंत ओघळ!

मी किंचाळले. आठवड्याभराचं काम! मूर्ती मातीत असते तोवर ती सुकू द्यायची नसते, रोज ओली फडकी गुंडाळायची. श्रीराम दर रविवारी तेच काम करायला यायचा, तोही कपाळावर हात मारून उभा राहिला.

काकी शांतपणे म्हणाल्या, "वरडतास काय? वली ठेवाची व्हती ना? ठेवली त्यानं."

वसुधा त्या दिवशी खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं बाळाचं सगळं अंग पुरं केलं आणि चेहऱ्याच्या जागी अंगठा फिरवून तो गुळगुळीत ठेवला. तसंच त्याचं प्लास्टरमध्ये कास्टिंग करून फळीवर ठेवून दिलं. आई मातीत नव्यानं घडवली आणि सिमेंटमध्ये ओतली. पाटावरचीच आई, पण आता मोठी, माणसाहून थोडी थोराड, दोन्ही गुडघे पसरून मांडी घातलेली. वाटी-चमचा काढून टाकला. हात नुसते मांडीच्या दोन बाजूंना, आत्ता कुणीतरी येऊन बसणार असल्यासारखे.

"बाळ नंतर लावीन," ती म्हणाली.

•

मध्येच एक छोटं. संक्रांतीचं हळदीकुंकू, आमच्याच बिल्डिंगमध्ये. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी वसुधाला विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

खोलीतल्या बायका एकदम तिळगुळाच्या डब्यात बघायला लागल्या. मला वाटलं, आता मी या बाईंच्या डोक्यात वाण घालते.

वसुधा म्हणाली, "मातीची सांगू की सिमेंटची?"

सगळ्या हसल्या, सुटल्या. हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. कुठंही गेलो, कुणीही विचारलं की हेच. प्रत्येक वेळी लोक हसायचे, आणि प्रत्येक वेळी घरी जाताना ती माझ्याशी कोपऱ्यापर्यंत एक शब्द बोलायची नाही.

•

आता जरा गमतीचं. गणपतीचा सीझन होता. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे पांढरे गणपती, अजून रंग न लागलेले. दुपारची वेळ, लाइट गेलेली, पंखे बंद. मी शाळा सुटल्यावर गेलेले. हाका मारल्या, उत्तर नाही.

आत गेले तर सगळं कसं दुधात बुडवल्यासारखं. छपराच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात पांढरी धूळ तरंगत होती. कारागीर गणपतींच्या मध्ये जागा मिळेल तिथे आडवे झालेले, त्यांच्याही अंगावर पांढरी पूड. काका एका मोठ्या उंदराला टेकून. कोण माणूस, कोण मूर्ती, कळेना. मला उगीचच वाटलं, आपणही आता इथेच उभं राहावं, कुणीतरी येऊन नंतर रंगवेल.

कोपऱ्यात वसुधाची सिमेंटची आई. तिच्या मांडीवर डोकं ठेवून काकी ढाराढूर! तोंड उघडं, हात मूर्तीच्या पोटाशी. आणि समोर स्टुलावर वसुधा बसलेली, हातात ब्रश, पुढ्यात गणपती, पण बघतेय काकींकडे.

"श्श," ती मला म्हणाली.

काकी जाग्या झाल्यावर मी चिडवलं, तर म्हणाल्या, "माजी काय चूक? थंडगार हाय गो ही. मान टेकली न मना आईची आठवन आली न मंग मना काय कलला नाय."

पासष्टीच्या होत्या काकी तेव्हा.

•

आता ते बाळकृष्णाचं.

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी कल्याणातल्या एका मंडळाची पोरं काकांकडे धावत आली. त्यांचा पाळण्यातला बाळकृष्ण पडून फुटलेला. "काका, कायपण करा, उद्या पाळणा आहे!" काकांकडे शंभर गणपती, पण कृष्ण एकही नाही. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, फळीवर बघितलं.

आलं लक्षात? मला यायला दोन दिवस लागले.

शनिवारी वसुधानं फळीवर हात फिरवला तर बाळ नाही. काका दाराकडे सरकायला लागले. काकींनी धरलं. मग कबूल केलं. "घाईन व्हतो गो ताय. ती पोरा रडकुंडीला आलेली. तोंड नव्हता, मी काढला. निला रंग दिला. लय साजरा दिसला!"

मी तर असा तोफखाना सुरू केला की शेजारच्या शेडमधली माणसं आली. वर्षभराची मेहनत! विचारायचं तरी! काका मान खाली घालून उभे. वसुधानं फक्त विचारलं, "कुठलं मंडळ?"

आम्ही दोघी आणि श्रीराम संध्याकाळी गेलो. बायकांची रांग लागलेली. पाळणा अजून उतरवला नव्हता, फुलांनी मढवलेला, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या, उदबत्तीचा धूर, आणि त्यात निळं बाळ. प्रसादचे पाय, प्रसादची पोटाची वळी, वसुधाच्या हातचे तळवे. वर काकांचा चेहरा, गोलगुबरा, डोळे मोठ्ठाले. प्रत्येक बाई पुढे व्हायची, दोरी ओढायची, नमस्कार करायची. मी म्हटलं, "मागून घेऊ, मी बोलते त्यांच्याशी." वसुधा रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचा नंबर आला. तिनं दोरी ओढली. पाळणा गेला, आला. तिनं परत ओढली. परत ओढली. मंडळाचा पोरगा म्हणाला, "ताई, एकदाच ओढायचं, मागे लाइन आहे!"

"लहान आहे अजून," वसुधा म्हणाली, "एकदम थांबवला तर उठेल."

पोरगा बावळटासारखा माझ्याकडे बघायला लागला. श्रीराम पुढे झाला, तिच्या हातातून दोरी सोडवून घेतली आणि मागच्या बाईच्या हातात दिली.

बाळ आम्ही मागितलं नाही. परत येताना रस्त्यात एक बाई पाठीवर दप्तर असलेल्या चिमुरडीला ओढत नेत होती, चिमुरडी भोकाड पसरून. श्रीराम, जो कधी आपणहून बोलत नाही, तो म्हणाला, "आपली आता बालवाडीत असती, नाही?" वसुधानं मान डोलवली. त्यानंतर तिनं दुसरं बाळ केलं नाही. मांडी तशीच रिकामी राहिली.

•

त्या वर्षी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका शाळेच्या हॉलमध्ये चार-पाच कलाकारांचं प्रदर्शन ठरलं. तारखा कुणी ठरवल्या देव जाणे, नेमकं नवरात्र, उद्घाटन घटस्थापनेला! टेंभी नाक्याची देवी प्रसिद्ध, नवरात्रात तिथं सुईलाही जागा नाही. आदल्या दिवशी टेम्पो निघाला. काकांचा नियम, कारखान्यातून मूर्ती उघड्या तोंडानं न्यायची नाही. त्यांनी काकींचं जुनं लुगडं मोठ्या आईच्या डोक्यावरून घातलं.

मग मूठभर तांदूळ आणले आणि तिच्या मांडीत टाकले. "आमच्या हितून मूर्ती रिकामी जात नाय," म्हणाले. ते तांदूळ मुंब्र्याच्या आधीच वाऱ्यानं उडाले.

टेंभी नाक्यावर टेम्पो शिरला आणि स्वयंसेवकांनी शिट्ट्या मारल्या. "देवी आली! बाजू व्हा! देवी आली!" गर्दी दुभंगली. कुणीतरी ढोल वाजवायला सुरुवात केली. आम्ही दोघी मागे मूर्तीला धरून उभ्या, लोक आम्हाला नमस्कार करतायत!

"कुठची देवी?" कुणीतरी ओरडलं.

काका पुढून, छाती काढून: "शहाडची!"

एक पोरगा टेम्पोबरोबर धावत खिडकीशी आला. तिथे श्रीराम बसलेला. "काका, स्थापना किती वाजता?"

श्रीरामला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "उद्या अकराला. चहा-बिस्किटंही आहेत."

•

शेवटचं सांगते आणि थांबते.

प्रदर्शन पाच-सहा दिवस चाललं. लोक यायचे, घमेलंवाल्या आईपाशी थांबायचे, मोठ्या आईपाशी आले की गोंधळायचे. व्यवस्थेला साठेसर होते, फार सज्जन गृहस्थ, धोतर-कोटातले. त्यांना एकानं विचारलं, "बाळ कुठाय? आणताना तुटलं का?" साठेसरांनी वसुधाला बाजूला घेऊन म्हटलं, "आपण 'अपूर्ण' अशी पाटी लावू या का? म्हणजे गैरसमज नको." वसुधा म्हणाली, "लावा."

त्या संध्याकाळी बाहेर नुसता कल्लोळ. लाउडस्पीकर, आरत्या, पिपाण्या. उकाडा मी म्हणत होता. हॉलमध्ये कुणी नव्हतं. साठेसर दाराशी पेंगत होते. आम्ही दोघी मागे चहा घेत होतो. परत आलो आणि वसुधानं माझा दंड घट्ट धरला.

मूर्तीच्या मांडीत एक मुलगी झोपलेली. पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल, मुठीत अर्धी पिपाणी. पाय पोटाशी घेतलेले, गाल सिमेंटच्या दंडावर. दोन बाजूंच्या त्या दोन हातांत ती इतकी बरोबर मावली होती, की मला वाटलं, मला उकाड्यानं काहीतरी झालंय. वरून ट्यूबलाइटचा उजेड, बाहेरून घंटांचा आवाज, आणि ही संथ श्वास घेत झोपलेली.

तेवढ्यात बाहेर लाउडस्पीकर खरखरला. "सोनू नावाची मुलगी, वय चार वर्षे, अंगात पिवळा फ्रॉक, हरवली आहे. तिची आई मंडपाजवळ थांबली आहे."

मी वळले. वसुधानं दंड सोडला नाही.

"अगं, तिकडे ती आई मरत असेल!" मी म्हटलं.

"एक मिनिट, शैले. मला नीट बघू दे."

ती खाली बसली. मांडीच्या उंचीला तिचा चेहरा आला. तिनं हात लावला नाही. नुसतं बघितलं. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, ओठांवर वाळलेली साखर, घामानं चिकटलेले केस, पापण्या. गणपतीच्या डोळ्यांकडे बघायची तसं, श्वास धरून. लाउडस्पीकर पुन्हा खरखरला. मी ओरडायच्या बेतात होते.

ती उठली. "तू हिच्यापाशी थांब. मी आणते तिला," म्हणाली आणि चपला न घालता गर्दीत पळाली.

आई आली ती धापा टाकतच. खाडीकडच्या कोळीवाड्यातली, हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा अर्धा सुटलेला, हातात देवीच्या ओटीची पिशवी तशीच. रांगेत तासभर उभी होती, देवीपर्यंत पोचायच्या आतच पोर हात सोडून गेली. दारातून तिनं बघितलं. मग एकदम, "सोनू गो! माजी बाय!" धावत आली, पोरीला उचललं, एक धपाटा घातला, लगेच छातीशी दाबलं आणि हुंदके द्यायला लागली. पोर अर्धवट झोपेतच तिच्या खांद्यावर पडली.

मांडी रिकामी झाली.

त्या बाईनं नाक पुसलं. मूर्तीकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग एका हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं पिशवी उलगडली. नारळ काढला, खण काढला, ओंजळभर तांदूळ. एकेक करून सगळं त्या मांडीत ठेवलं.

साठेसर धावत आले. "अहो बाई, बाई! ही देवी नाही! देवी तिकडे मंडपात!"

"म्हाइत हाय मना," ती म्हणाली. "आई हाय ना ही? माजी पोर सांबाळली हिनं. रिकामी कशी ठेवू?"

साठेसरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

जाता जाता ती दारात थांबली. वसुधा तिथेच उभी होती, पायांना चिखल, केस विस्कटलेले. बाईनं तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, जसं बायका बायकांना विचारतात तसं.

"तुला पोरा किती गो?"

मी ठरलेल्या उत्तराची वाट बघत राहिले.

वसुधा म्हणाली, "एक. मुलगी."

"केवरी हाय?"

वसुधानं तिच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडे बघितलं.

"हिच्याएवढीच," ती म्हणाली.